केमोनंतर आईच्या हाताची शीर सुतळीसारखी कडक झालीय, आतल्या रक्तवाहिन्यांचं पण असंच होतं का?

पाखाडीवरची:

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही गुहागर तालुक्यातले. घर वरच्या वाडीत, रस्त्यापासून ६४ पायऱ्यांची जांभ्याची पाखाडी चढून यावं लागतं. आई ५८ वर्षांची. गेल्या वर्षी डाव्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली, ऑपरेशन मुंबईला झालं, मग त्या लाल औषधाचे चार केमो, त्यानंतर दर आठवड्याला एक असे बारा, मग रेडिएशनचे १५ शेक. शेवटचा शेक होऊन चार महिने झाले, आता रोज लेट्रोझोलची (हार्मोन रोखणारी) एक गोळी. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन आठ वर्षांपासून आहेच.

केमो सगळे उजव्या हातातून दिले. त्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एक शीर काळपट झालीय, बोट फिरवलं की आत सुतळी भरल्यासारखी लागते, हात सरळ केला की ओढते. आई बोलत नाही पण मला कळतं, कारण धुणं पिळताना ती मध्येच सोडून देते आणि तसाच पाणी गळणारा कपडा दांडीवर टाकते. शेजारच्या काकी बोलल्या की हातावर दिसतंय तेच आत हृदयापर्यंत झालं असणार, केमोने सगळ्या नसा पाइपासारख्या कडक होतात. आईच्या डोक्यात ते बसलंय. त्यात बीपी वाढलंय, केमोच्या आधीच्या कागदावर १३४/८४ आहे आणि या आठवड्यात मोजलं तर १५८/७०, १५४/६८, १६०/७२. पाखाडी चढताना तीनदा बसते, आधी डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन यायची.

आणि खरं कारण लिहायचं ते हे की आत्याला (लांज्याला असते) गेल्या महिन्यात गाठ निघालीय. ती आईला बघायला आली, हात बघितला, पाखाडीत बसताना बघितलं आणि घरी जाऊन म्हणाली, ऑपरेशन करीन पण केमो घेणार नाही म्हणजे नाही. आता बाबा पण तिला काही बोलत नाहीत. मला कुणीतरी नीट सांगा, केमोने रक्तवाहिन्या खराब होतात हे खरं का, झाल्या तर सुधारतात का, आणि आत्याला मी काय सांगू?


खाडीपलीकडे:

ताई, आकडे दिलेत म्हणून नीट उत्तर देता येतंय. मी चिपळूण भागात बरीच वर्षं फिजिशियन आहे, कॅन्सरचा डॉक्टर नाही, पण केमो करून गावी परतलेल्या बायका शेवटी बीपी, शुगर आणि दम घेऊन आमच्याकडेच येतात.

आधी हाताचं. आपल्याकडे सगळ्यालाच नस म्हणतात त्यामुळे हा गोंधळ होतो. सलाईन लावतात ती शीर, म्हणजे हृदयाकडे परत जाणाऱ्या रक्ताची वाट. हृदयातून बाहेर निघते ती धमनी. लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन, फार तिखट असतं, शिरेच्या बाहेर सांडलं तर मांस जाळतं आणि आतून जाताना पण त्या शिरेला भाजत जातं, मग शिरेला सूज येते, आत रक्त गोठतं आणि ती दोरीसारखी लागते. हे त्या शिरेपुरतं. शेजारच्या बाकीच्या शिरा काम करत राहतात, काळपटपणा महिन्यांनी फिका पडतो. हातावरची शीर कडक आहे म्हणून हृदयाकडच्या धमन्या तशाच झाल्या असं अजिबात होत नाही, काकींनी दोन वेगळ्या गोष्टी जोडल्या.

पण मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. धमन्यांवर केमोचा परिणाम होतो हे खरं आहे, फक्त तो वेगळ्या वाटेने होतो. धमनीच्या आतल्या बाजूला एकाच पेशीच्या जाडीचा पातळ थर असतो. तो थर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतो, त्याने धमनी सैल पडते, गरज लागली की रुंदावते. (हा शोध लावणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं.) डॉक्सोरुबिसिन शरीरात गेलं की ऑक्सिजनचे उपद्रवी कण तयार होतात, ते या थराला इजा करतात आणि हा वायू पण खाऊन टाकतात. मग धमनी हवी तेव्हा सैल पडत नाही, आणि हृदयातून निघणारी जी मोठी महाधमनी, तिची लवचीकता कमी होते. २०१० साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी याच गटाची औषधं घेणाऱ्या रुग्णांची एमआरआयवर महाधमनी बघितली होती, तर चार महिन्यांच्या आतच ती आधीपेक्षा कडक झालेली दिसली.

कडक झाली म्हणजे काय होतं ते सांगतो. तुमच्याकडे कलमांना पाणी घालायची नळी असेल. नवी असताना पंपाच्या प्रत्येक धक्क्याला ती थोडी फुगते आणि परत आवळते, त्यामुळे टोकाला पाणी सलग येतं. तीच नळी दोन उन्हाळे सड्यावर पडून राहिली की ताठ होते, मग पाणी धक्क्याधक्क्याने येतं आणि पंपावर ताण पडतो. महाधमनीचं तसंच. फुगता येत नाही म्हणून वरचं बीपी वाढतं, आवळता येत नाही म्हणून खालचं उतरतं. आता आईचे आकडे परत बघा. १३४/८४ मध्ये फरक ५० चा होता, १५८/७० मध्ये ८८ चा. वरचं वाढलं एवढंच लोक बघतात, पण खालचं उतरलंय ते पण महत्त्वाचं आहे, कारण हृदयाला स्वतःला रक्त मिळतं ते मुख्यतः त्याच खालच्या वेळात.

मात्र हे सगळं केमोच्या खात्यावर टाकू नका. वय ५८, पाळी गेलेली, आठ वर्षांचं बीपी, या तिन्हींनी धमन्या ताठ होतच असतात. बारा आठवडे ते दुसरं औषध द्यायच्या आधी स्टिरॉइड देतात, त्याने शुगर वर जाते. त्यात वर्षभर चालणं बंद. सगळं मिळून हा आकडा झालाय.

काय करायचं: हिमोग्लोबिन, शुगर, क्रिएटिनीन (किडनीची तपासणी), कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी). लाल औषध घेतलेल्या प्रत्येकीने संपल्यावर वर्षाच्या आत एकदा इको करावा असं युरोपच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शनात आहे, आणि आईला तर दम लागतोय त्यामुळे थांबायचं कारणच नाही. केमोच्या आधीचा इको फाइलमध्ये असेल तो सोबत न्या, दोन्ही शेजारी ठेवून बघायचे असतात. बीपी उजव्या हातालाच मोजायचं, डाव्या बगलेतल्या गाठी काढल्यात त्यामुळे तो हात सांभाळायचा. आणि एका पायाला अचानक सूज, पोटरी दुखणं किंवा बसल्या जागी दम लागला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा, कॅन्सरमध्ये आणि केमोत रक्ताच्या गुठळ्या जास्त होतात. दोन्ही पाय संध्याकाळी थोडे सुजत असतील तर ते बहुतेक अ‍ॅम्लोडिपिनमुळे, तरी डॉक्टरांच्या कानावर घाला.

आत्यांबद्दल वेगळं लिहितो, आता ओपीडी आहे.


देवगडची मावशी:

घाबरू नको गो बाय. मी स्वतः यातून गेलेली आहे, सात वर्षं झाली, माझी पण डावीच बाजू. माझ्या हातावरची ती दोरी साधारण आठ नऊ महिन्यांनी मऊ पडली, रोज आंघोळीनंतर खोबरेल लावून हात हळूहळू सरळ करत रहायचे, भिंतीला बोटं लावून वर सरकवत न्यायची. खोबरेलाने काय झालं माहीत नाही, हात चालता ठेवल्याने झालं असं मला वाटतं.

बीपीचं सांगते. केमो चालू असताना माझं बीपी खाली गेलेलं, उलट्या, जेवण नाही, तेव्हा गोळी अर्धी केली होती. संपल्यावर सगळ्यांना वाटलं सुटलो, मला पण, आणि ती गोळी अर्धीच राहिली. कॅन्सरच्या डॉक्टरांकडे सहा महिन्यांनी जायचे ते गाठ बघायचे, इथे गावात कोण बीपी बघणार. दीड वर्षाने नातवाच्या बारशाला डोकं गरगरलं तेव्हा कळलं १८० आहे. हे माझं दीड वर्ष फुकट गेलं याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून मी ओळखीतल्या प्रत्येकीला सांगते, कॅन्सरची फाइल असते तशी बीपीची एक वही कर. तारीख, वेळ, आकडा, गोळी घेतली का नाही, एवढंच. पण रोज. माझी चौथी वही चालू आहे.

आणखी एक, कुणाला राग येऊ दे. आई मिसरी लावते का? आमच्या वयाच्या अर्ध्या बायका लावतात आणि डॉक्टरने विचारलं तंबाखू खाता का तर नाही सांगतात, कारण मिसरी म्हणजे दात घासणं असं डोक्यात असतं. मी ३० वर्षं लावली. ती तंबाखूच आहे, भाजलेली, आणि हिरडीतून सरळ रक्तात जाते, रक्तवाहिन्या आवळते. सोडायला मला चार महिने लागले, पहिले पंधरा दिवस सकाळी पोट साफ व्हायचं नाही, चिडचिड व्हायची. सुटली पण.

आणि मीठ. आपण म्हणतो आम्ही कुठे जास्त मीठ खातो. सुका बांगडा, सोडे, पापड, लोणचं बाजूला ठेव, ते सगळ्यांना कळतं. आगळाचं, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचं, कळत नाही. आगळ टिकावं म्हणून त्यात किती मीठ घालतात ते मे महिन्यात स्वतः घालताना बघ. मी रोज दुपारी आगळाची सोलकढी प्यायची आणि वरून म्हणायची कढी थंड असते बीपीला चांगली. आता सोलं सुकवताना माझ्यापुरती मीठ न लावता वेगळी ठेवते, तीच भिजवते.


सुपारीबाग:

अर्जुनसालीचा काढा आणि सकाळी लसणाच्या दोन पाकळ्या चालू करा, माझ्या काकांना फरक पडलाय. सोबत ज्येष्ठमध घातला तर कडू लागत नाही. केमोची उष्णता पण निघते.


खाडीपलीकडे:

सुपारीबाग, तुमच्या मनातली काळजी कळते पण ज्येष्ठमध कृपा करून नको. त्याने शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतं, हे पक्कं माहीत असलेलं आहे. १६० वाल्या बाईला रोज ज्येष्ठमधाचा काढा म्हणजे उलट दिशेने जाणं. जेवणातल्या लसणाला कुणाची ना नाही. अर्जुनसाल घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना सांगून घ्या, लपवून नको, कारण लिव्हरचे रिपोर्ट बिघडले तर कशाने बिघडले ते शोधता आलं पाहिजे.

आता आत्या. त्यांना सांगायचं ते असं की भीती खरी आहे पण तिचं माप चुकतंय. लाल औषधाचा हृदयावरचा परिणाम डोसवर असतो, आणि तो डोस आयुष्यभराचा मोजतात. शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरला ४०० मिलिग्रॅमपर्यंत गेलं तर साधारण १०० पैकी ५ जणांचं हृदय कमजोर पडलं, ५५० ला २६, आणि ७०० ला ४८, असे आकडे २००३ मध्ये आले होते. आता चार केमोत मिळून होतात ते सहसा २४०. म्हणून तर चारवर थांबतात. दुसऱ्या बाजूला, जगभरच्या चाचण्या एकत्र करून २०१२ ला जे मांडलं गेलं त्यात या गटाच्या केमोने स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झालेत. तराजूत हे दोन्ही टाकायचं.

आणि प्रत्येकीला लाल औषध लागतंच असंही नाही. गाठ कुठल्या जातीची, हार्मोनची आहे का, बगलेत गेलीय का यावर ठरतं, काहींना केमोच लागत नाही, काहींना लाल औषध वगळून दुसरी जोडी देता येते. हे आत्यांनी विचारायचं, ‘मी घेणार नाही’ म्हणायच्या आधी. ‘मला बीपी आहे, माझ्या हृदयाचा विचार करून कुठलं औषध बसेल’ असं सरळ विचारलं तर कुठलाच चांगला डॉक्टर रागावत नाही. केमोआधी इको करून घ्या म्हणावं आणि बीपी आधी ताब्यात आणा. आणि हाताच्या शिरा बारीक असतील तर छातीत पोर्ट (कातडीखाली बसवायची छोटी डबी) किंवा दंडातून लांब नळी टाकतात, त्यातून औषध मोठ्या शिरेत जातं आणि हाताची सुतळी होत नाही. आत्या आईचा हात बघून घाबरल्यात ना, मग हे त्यांना पहिल्यांदा सांगा.

शेकाचं राहिलं. डावी बाजू असेल तर हृदय आणि त्याच्या पुढच्या बाजूची धमनी किरणांच्या वाटेत येते. २०१३ चा स्वीडन आणि डेन्मार्कच्या बायकांचा मोठा अभ्यास आहे, हृदयाला मिळालेल्या प्रत्येक एक ग्रे (किरणांचं माप) मात्रेमागे हार्ट अटॅकसारख्या घटनांची शक्यता ७.४ टक्क्यांनी वाढत होती. त्यात बहुतेक जुन्या पद्धतीचे शेक होते. आता खोल श्वास भरून रोखायला लावतात आणि तेवढ्या वेळात किरण देतात, फुप्फुस फुगलं की हृदय छातीच्या भिंतीपासून मागे सरकतं. आत्यांची डावी असेल तर हे पण विचारा.


घाटीउतार:

मी फिजिओथेरपिस्ट, रत्नागिरीत. पाखाडी वाचून लिहावंसं वाटलं.

केमोनंतर घरचे लोक पेशंटला बसवून ठेवतात, प्रेमानेच, पण धमन्यांच्या आतल्या त्या थरासाठी सगळ्यात वाईट तेच. चालताना रक्त जोराने वाहतं, ते त्या थराला घासत जातं आणि त्या घासण्यानेच तो थर नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडतो. म्हणजे जे औषधाने कमी झालं ते चालण्याने काही प्रमाणात भरून निघतं. केमोनंतर नियमित चालणाऱ्या, सायकल मारणाऱ्या बायकांच्या धमन्या जास्त चांगल्या सैल पडतात हे दिसलेलं आहे.

पण पाखाडीने सुरुवात करू नका, आणि इको, हिमोग्लोबिन व्हायच्या आधी तर नकोच. आधी सपाटीवर, अंगणात, दहा दहा मिनिटं दिवसातून दोनदा. वेग एवढा की बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत जायचंय, त्याला दोन अडीच महिने लागू देत. मग पाखाडी: आता पहिल्यांदा बसते ती कितव्या पायरीवर ते मोजून ठेवा, दर रविवारी मोजा. बारा आठवड्यांच्या त्या औषधाने तळपाय बधिर होतात, आईला पायरी नीट जाणवते का विचारा, पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, काठी किंवा कुणीतरी सोबत असू दे. छातीत दाबल्यासारखं झालं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.


पाखाडीवरची:

तीन आठवड्यांनी लिहितेय, सॉरी. सगळ्यांचे खूप खूप आभार.

रिपोर्ट झाले. इकोत पंपिंग ६० टक्के, आधीच्या कागदावर ६२ होतं, डॉक्टर म्हणाले हृदय चांगलं आहे. हिमोग्लोबिन ९.१ निघालं, म्हणजे दमाचं मोठं कारण ते, त्याच्या गोळ्या चालू केल्या. कोलेस्टेरॉल वाढलंय, त्याची एक गोळी दिली. बीपीची दुसरी गोळी वाढवली, काल सकाळी १३८/७४.

मावशी, मिसरीचं तुम्ही लिहिलंत ते मी आईला वाचून दाखवलं. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पडवीतली डबी जागेवर नव्हती, मी विचारलं नाही. पाच दिवस झाले, सकाळी चिडते फार. वही केलीय, शाळेची जुनी, तिच्यात ती स्वतः लिहिते, आकडे मोठे मोठे काढते. पाखाडीत पहिली बैठक १९ व्या पायरीवर होती, या रविवारी २६.

आत्याकडे शनिवारी आईला घेऊन गेले. मी सगळं लिहून नेलं होतं पण बोलली आईच. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, ही शीर आहे, हृदयाची नव्हे, मला पण कुणी सांगितलं नव्हतं. आत्याने ती पोर्टची गोष्ट दोनदा विचारली. गुरुवारी ती मुंबईला जातेय, इको आणि बाकीचे प्रश्न मी तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहून दिलेत. एक विचारायचं राहिलं, आत्याला शुगर पण आहे, तर ते स्टिरॉइड देतात तेव्हा शुगरच्या गोळ्यांचं काय करायचं?


खाडीपलीकडे:

आकडे वाचून बरं वाटलं. शुगरच्या गोळ्या घरी स्वतःहून वाढवू नका. केमोआधीच डॉक्टरांना सांगून ठेवा, ते त्या दिवसांपुरता डोस बदलून देतात, कधी कधी थोडे दिवस इन्सुलिन लागतं. घरी ग्लुकोमीटर ठेवा, स्टिरॉइडने शुगर बहुतेक दुपारनंतर चढते त्यामुळे फक्त सकाळी उपाशीपोटी तपासून भागत नाही, संध्याकाळची पण बघा. वहीत एक रकाना वाढवायचा.